जुनं नाव, नवं जोतं : सिएरा परत आली म्हणजे काय परत आलं?

(नंदुरबार जिल्ह्यातील एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत झालेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन केले आहे. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरे.)

विषय मोटारगाड्यांचा म्हटल्यावर आज तरुण मंडळी जास्त दिसताहेत, आणि मागच्या रांगेत दोन-तीन गॅरेजवाले मिस्तरीही बसलेत. बरं झालं. मी वस्तूंच्या घडणीवर लिहिणारा माणूस, पाना हातात घेणारा नव्हे. तेव्हा मिस्तरी मंडळींना मधेच काही जोडायचं असेल तर खुशाल जोडा.

२५ नोव्हेंबर २०२५ ला टाटांनी सिएरा पुन्हा बाजारात आणली. तेव्हा किंमत ११ लाख ४९ हजारांपासून पुढे होती. त्या आधी जवळजवळ सहा वर्षं तिची चर्चा चालू होती, कारण २०२० च्या ऑटो एक्स्पोमध्ये तिची पहिली झलक दाखवली गेली होती. तेव्हापासून जुन्या गाड्यांच्या शौकिनांनी जी काय आशा धरली! कॉन्टेसा परत येणार, अ‍ॅम्बेसेडर परत येणार, पद्मिनीसुद्धा येणार. या आशेमागचं गणित फार सोपं असतं. हल्ली कंपन्या एकाच प्लॅटफॉर्मवर चार-पाच गाड्या बनवतात, मग त्यावरच जुन्या गाडीचं अंग चढवा की! खाली सगळं नवं, वर सगळं जुनं. ब्रेक नवे, एअरबॅग नव्या, आणि रस्त्यावर लोक वळून बघतील ते जुन्या रूपाकडे.

मला या आशेची चेष्टा करायची नाही. तिच्यात प्रेम आहे. पण ते प्रेम चुकीच्या जागी चिकटलंय असं माझं म्हणणं आहे, आणि ते आज सविस्तर मांडायचंय.

आधी प्लॅटफॉर्म म्हणजे काय ते बघू. आपल्याकडे घराला जोतं असतं. जोतं एकदा बांधलं की वर माडी चढवा, पत्रे टाका, ओटा पुढे काढा. पण खोल्यांची लांबी-रुंदी आणि भिंती कुठे येणार हे जोत्यानं आधीच ठरवलेलं असतं. मोटारीचं तसंच. पुढचं चाक कुठे, इंजिन आडवं की उभं, डॅशबोर्डच्या पुढची लोखंडी भिंत कुठे, चालक किती उंचावर बसणार, हे सगळं प्लॅटफॉर्म ठरवतो. नवं जोतं घालायचं म्हणजे शेकडो कोटींचा खर्च, म्हणून तो चार गाड्यांत वाटून घेतात. यात काही लबाडी नाही.

आता इथे एक गोम आहे. ट्रकची चेसिस वेगळी असते, हे तुम्ही पाहिलंय. चालक बिगर-बॉडीची चेसिस, डोक्याला फडकं बांधून, उघड्यावर बसून चालवत आणतो आणि बॉडी बांधणारा तिच्यावर हवी तशी बॉडी बांधतो. शौकिनांच्या डोक्यात प्लॅटफॉर्मचं चित्र हेच असतं. पण आजच्या बहुतेक मोटारींना वेगळी चेसिस नसतेच. त्यांची बॉडी माठासारखी. माठाच्या आत खांब नसतो, भिंतच सगळा भार घेते. अशा गाडीची भिंत काढून दुसरीच भिंत लावता येत नाही. जुनं अंग चढवायचं म्हटलं तर छपराचा खांब हलतो, खांब हलला की धडकेच्या वेळी भार जाण्याची वाट बदलते, आणि मग सगळी आकडेमोड पहिल्यापासून.

नव्या सिएराकडे या नजरेनं बघा. जुनी सिएरा १९९१ ची, तीन दारांची. मागच्या बाजूला भली मोठी काच, तीही वरून वळून थेट छपरापर्यंत गेलेली. ती काच म्हणजेच सिएरा. बाकीची गाडी लोकांना आठवतसुद्धा नाही. नव्या गाडीला पाच दारं आहेत, कारण मागच्या माणसाला पुढची सीट वाकवून आत शिरायला लावणारी गाडी आज कोण घेणार? दार आलं म्हणजे दाराच्या मागे खांब आला. मग ती वळलेली काच गेली, आणि तिच्या जागी चकचकीत काळा रंग देऊन काचेचा भास उभा केला. लांबून बघितलं तर जमलंय. चित्रकार म्हणून मी त्याला गुण देईन. पण जुन्या गाडीत मागे बसलेल्या पोराला जे आकाश दिसायचं ते या काळ्या रंगातून दिसत नाही. जुन्या काचेचं सगळं मोल तर आत बसणाऱ्याला होतं.

दुसरी गोष्ट नाकाची. जुन्या सिएराचं इंजिन उभं बसवलेलं, ताकद मागच्या चाकांना. त्यामुळे पुढचं चाक आणि दार यांच्यामध्ये ऐसपैस जागा, आणि त्या जागेमुळे गाडी रुबाबदार दिसायची. नवीचं इंजिन आडवं, ताकद पुढच्या चाकांना. त्यामुळे पुढचं चाक दाराच्या जवळ सरकतं. नाक कितीही उभं आणि चौकोनी केलं तरी ही जागा सजावटीनं परत आणता येत नाही. शौकिनांना नवी गाडी बघून ‘काहीतरी चुकल्यासारखं वाटतं’ असं जे होतं, त्यातलं बरंचसं इथे आहे. त्यांना वाटतं दिव्यांत चुकलंय, जाळीत चुकलंय. चुकलंय चाकाच्या जागेत.

म्हणजे शौकिनांचं बरोबर, सामायिक प्लॅटफॉर्मनं घात केला? थांबा. इथेच मला त्यांच्याशी भांडायचंय.

जुनी सिएरा तरी कुठे स्वतःच्या जोत्यावर उभी होती? टेल्कोनं १९८८ मध्ये टाटामोबाइल २०६ हा पिकअप आणला. त्याचंच जोतं आखूड करून वर सिएरा बांधली. त्यावरच १९९२ ला इस्टेट आली आणि १९९४ ला सुमो. (सुमो या नावाचा जपानी पहिलवानांशी संबंध नाही बरं का, सुमंत मूळगावकरांच्या नावातली ती दोन अक्षरं आहेत.) मालवाहू पिकअपच्या अंगावर काचेचं शेरवानी घातलेली ती गाडी होती. मागे पाटे होते, त्यामुळे खड्ड्यात ती पिकअपसारखीच उडायची. महाग होती, आणि खपली थोडीच. आज जे लोक तिच्यासाठी उसासे टाकतात, त्यांतल्या बहुतेकांनी ती चालवलेली नाही. त्यांनी ती शाळेच्या रस्त्यावर जाताना पाहिली. आपला नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. एमएच ३९ नंबरची जुनी सिएरा शोधायला निघालात तर दिवाळीपर्यंत हिंडाल. (हशा)

इतरांचंही तेच आहे. अ‍ॅम्बेसेडर म्हणजे इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. कुर्ल्याच्या कारखान्यातली पद्मिनी म्हणजे इटलीची फियाट ११००. कॉन्टेसा मुळात व्हॉक्सहॉल. जावा चेक. १९७२ चा आकुर्डीचा चेतक म्हणजे व्हेस्पा स्प्रिंटचा भाऊ. १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत जोडलेली जीप म्हणजे अमेरिकेची विलिस. ज्यांना आपण अस्सल म्हणतो, त्यांतली एकही स्वतःच्या जोत्यावर उभी नव्हती. तेव्हा ‘सामायिक जोतं म्हणजे भेसळ’ ही तक्रार जुन्या गाड्यांनाच आधी लागू होते.

मग आपलेपण आलं कुठून? ते वापरातून आलं. तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षं त्याच त्या चार-पाच गाड्या. प्रत्येक तालुक्याच्या गावात त्यांचा मिस्तरी, त्यांचं सामान, त्यांच्या खोडी ठाऊक असलेली माणसं. चेतक सुरू होत नसला की एका बाजूला कलता करायचा, हे पुस्तकात लिहिलेलं नव्हतं; सगळ्या महाराष्ट्राला ते ठाऊक होतं. आणि हे सुद्धा सांगायला हवं की ते वापरणं आपण हौसेनं निवडलं नव्हतं. दुसरं काही मिळतच नव्हतं. चेतकसाठी माणसं वर्षानुवर्षं नंबर लावून बसायची.

चेतकचं नाव निघालंच आहे तर सारंगखेड्याचं बोलू. दत्तजयंतीची यात्रा नुकतीच होऊन गेलीय. आता तिला चेतक फेस्टिव्हल म्हणतात, पण घोड्यांचा बाजार तोच आहे. तिथे घोडा बघायला आलेला माणूस काय करतो? तोंड उघडून दात बघतो, अंगावरचे भोवरे बघतो, आणि मग म्हणतो, चालवून दाखव. रेवाल चाल आहे की नाही ते चालवल्याशिवाय कळत नाही. ‘याचं नाव चेतक आहे’ एवढ्यावर दोन लाख मोजणारा माणूस तापीच्या काठाला अजून जन्मायचाय. मोटारीच्या बाबतीत मात्र नावाला पैसे पडतात. अ‍ॅम्बेसेडर हे नाव २०१७ मध्ये ८० कोटी रुपयांना विकलं गेलं, प्यूजो कंपनीनं घेतलं. साचे नाहीत, कारखाना नाही, फक्त नाव. २०१८ ला जावा परत आली. तिचं इंजिन महिंद्राच्या मोजो मोटरसायकलच्या इंजिनावरून घडवलेलं, पाण्यानं थंड होणारं. तरी सिलिंडरला हवेनं थंड होणाऱ्या इंजिनासारखे पंख ठेवले आणि जुनी जावा दिसावी म्हणून दोन सायलेन्सर दिले. भोवरे बरोबर काढलेत, असं आमचे घोडेवाले म्हणतील. चाल वेगळी आहे.

आता या जिल्ह्यापुरतं बोलतो, कारण माझा खरा मुद्दा इथल्या रस्त्यांवर जास्त स्पष्ट दिसतो. तळोद्याहून चांदसैली घाटानं धडगावला जा, किंवा अक्कलकुव्याहून देवगोई घाटानं मोलगीला. या वाटांवर बाजारच्या दिवशी माणसं नेली ती कमांडरनं, मॅक्सनं, नंतर क्रूझरनं. सिएरा हा शहरातल्या डॉक्टर-बिल्डरांचा शौक होता. इथली क्लासिक गाडी कमांडरच. तिच्यावर कोणी लेख लिहीत नाही, तिच्या पुनरुज्जीवनाची मागणीही कोणी करत नाही. पण बारकाईनं बघा, तिच्यातली एक गोष्ट जुन्या सिएरातही होती. घाटात गाडी बंद पडली तर ती तिथेच, नाहीतर खालच्या गावात, दुरुस्त होत होती. सिएराचं जोतं पिकअपचं आणि सुमोचं होतं, म्हणून जिथे पिकअप आणि सुमो पोचली तिथे तिचंही सामान पोचलं. सामायिक जोत्याचा हा फायदा होता. शौकिनांनी नेमका तोच कधी मोजला नाही.

कमांडरचे गोडवे मी गाणार नाही. टपावर माणसं, मागच्या पायरीवर माणसं, एकेका खेपेत वीस-पंचवीस जण. ना पट्टे, ना एअरबॅग. सातपुड्याच्या घाटांत अशा जीप दरीत गेल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात, आणि काहींच्या घरात त्या बातम्या घडल्यात. २०२० च्या नव्या थारला ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत चार तारे मिळाले, हे मला जुन्या जीपच्या कुठल्याही आठवणीपेक्षा मोलाचं वाटतं. जुनं होतं तसं परत आणा, ही मागणी मी कधीच करणार नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा लागू आहे. जुनं इंजिन आता नव्या गाडीत बसवताही येत नाही, आणि येऊही नये.

पण दुरुस्तीचं काय? नव्या गाडीत बिघाड झाला की दिवा लागतो. कसला दिवा, ते बघायला स्कॅनर लागतो. साधा स्कॅनर हल्ली आपल्याकडच्या गॅरेजमध्येही आहे, तो कोड वाचतो. पण नवा भाग बसवल्यावर त्याची गाडीशी ओळख करून द्यायची, म्हणजे प्रोग्रॅमिंग करायचं, तर कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं, आणि ते कंपनीच्या वर्कशॉपमध्ये असतं. धडगावचा माणूस गाडी ओढून नेणार कुठे? नंदुरबारला, नाहीतर धुळ्याला, नाहीतर सुरतेला.

ही नुसती कुरकुर नाही. भारतीय स्पर्धा आयोगानं ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून जास्त दंड ठोठावला, तो याच कारणासाठी : सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू देत नाहीत म्हणून. त्या चौदांत टाटाही होत्या, महिंद्राही होत्या. कंपन्या अपिलात गेल्या, प्रकरण वरच्या पायऱ्या चढत राहिलं. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्यानं ‘दुरुस्तीचा हक्क’ म्हणून एक पोर्टल सुरू केलं, त्यात मोटारींचाही विभाग आहे. सुरुवात म्हणून ठीक. पण त्या पोर्टलवर आपल्याला काय हवंय हे ओरडून सांगणारा जमाव कुठे आहे? तो जमाव सिएराच्या काचेचा कोन मोजत बसलाय.

माझी तक्रार कंपनीपेक्षा शौकिनांवर आहे ती या कारणानं. कंपन्या शौकिनांचं ऐकतात, हे सिएरानं सिद्ध केलं. सहा वर्षं लोकांनी मागणी लावून धरली आणि गाडी आली. मग मागायचं ते नीट मागा! ज्या प्लॅटफॉर्मवर पाच गाड्या बनणार, त्याचे भाग पाचपट गाड्यांना लागणार. म्हणजे ते स्वस्तात आणि खूप वर्षं मिळायला हवेत. या जोत्याचं सामान वीस वर्षं बाजारात राहील असं लिहून द्या, दुरुस्तीची पुस्तिका विकत द्या, सॉफ्टवेअर बाहेरच्या मिस्तरीला फी घेऊन द्या. हे मागितलं असतं तर आजची सिएरा २०४१ मध्ये चालती राहण्याची काही आशा होती. २०४१ हे साल सहज घेतलं नाही. आपल्या नियमांनुसार गाडी पन्नास वर्षांची झाली की तिची व्हिंटेज म्हणून नोंद होऊ शकते. १९९१ ची सिएरा २०४१ ला त्या मानाला पोचेल, आणि पोचेलही, कारण तिचं डिझेल इंजिन उघडून बसवणारे हात अजून आहेत. २०२५ च्या सिएराला २०७५ गाठायचंय. तिच्या डॅशबोर्डवरचे पडदे तोवर कोण दुरुस्त करणार आहे?

थारचा एक शब्द बोलून थांबतो. थार नाशकात बनते, आपल्याच भागातली म्हणा. तिचं आणि सिएराचं प्रकरण मला वेगळं वाटतं. जीपची परंपरा महिंद्रानं कधी तोडली नाही. एमएम ५४० होती, २०१० ची थार आली, मग २०२० ची. खालची चेसिस अजून वेगळी शिडीसारखीच आहे, आणि म्हणून तिचं रूप ओढूनताणून आणलेलं वाटत नाही. इंजिनं स्कॉर्पिओ-एनच्या घरातलीच. सामायिक जोत्यावर जुन्या गाडीचा वंश नीट चालवता येतो याचं हे आपल्याकडचं चांगलं उदाहरण. फक्त एवढंच, की जी गाडी मोलगीच्या बाजाराला माणसं न्यायची, तिची नात आता लोणावळ्याला फोटो काढायला जाते. ती घाट चढू शकते, पण घाटातल्या माणसाला परवडत नाही.

प्रश्नोत्तरे

प्रश्न : सर, एवढं सगळं ऐकल्यावर सिएरा घ्यायची की नाही?

उत्तर : घ्या की. गाडी म्हणून चांगली वाटली, चालवून बघितली, जमली, तर घ्या. वडिलांच्या आठवणीसाठी घेत असाल तर आधी वडिलांना विचारा, जुनीत मागच्या सीटवर शिरताना त्यांची कंबर कशी व्हायची. (हशा)

प्रश्न : मी गॅरेज चालवतो. तुम्ही म्हणता सॉफ्टवेअर मिळायला पाहिजे. मिळालं तरी आमच्या पोरांना ते येणार आहे का?

उत्तर : तुमच्याकडे आता किती पोरं आहेत?

श्रोता : तीन. एक आयटीआय झालेला.

उत्तर : तो स्कॅनर वापरतो?

श्रोता : तोच वापरतो. इंग्रजी कोड मोबाइलवर शोधतो आणि बाकीच्या दोघांना सांगतो.

उत्तर : मग त्याला येणार. मला काळजी दुसरी वाटते. त्या सॉफ्टवेअरची वर्षाची फी एका गॅरेजला जड जाईल. आपल्या जिल्ह्यातल्या पाच-सात गॅरेजवाल्यांनी मिळून घेता येईल का, हे तुम्ही आपसात बोला. परवाना तसा वाटून देतात की नाही ते कंपनीला लेखी विचारा, आणि उत्तर जपून ठेवा.

प्रश्न : जुन्या जीपला इलेक्ट्रिक मोटर बसवली तर? मग जुनं अंग तसंच राहील आणि खाली नवं.

उत्तर : चांगला प्रश्न. शौकिनांच्या स्वप्नाची ही उलटी बाजू आहे, आणि मला ती जास्त प्रामाणिक वाटते, कारण अंग खरोखरच जुनं असतं. कायद्यानं जमतं, पण किट मान्यताप्राप्त पाहिजे, ते तुमच्या त्याच मॉडेलसाठी मंजूर झालेलं पाहिजे, आणि आरटीओच्या कागदावर तशी नोंद व्हायला हवी. कोणीतरी बॅटऱ्या बांधून दिल्या असं चालत नाही. खर्च जुन्या जीपच्या किमतीहून जास्त येऊ शकतो. आणि बॅटरीचं वजन कुठे येणार ते बघा. जुन्या जीपचे ब्रेक मुळातच बेताचे. तुमची गाडी कुठे चालते?

श्रोता : शहादा ते तोरणमाळ.

उत्तर : चढताना बॅटरी भराभर उतरेल, उतरताना थोडी परत मिळेल. वर गेल्यावर चार्जिंगची सोय काय आहे आणि पावसाळ्यात वीज किती वेळ असते, हे आधी बघून या, मग किटवाल्याला फोन करा.